तिसरे नाव

गेल्या महिन्यात या सदरात आत्मकथनपर एकपात्री प्रयोगांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्मी दत्तकाच्या अनुभवाविषयी, आणि त्यांतलीही बहुतेक नाशिक शहर-जिल्ह्यातली निघाली, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. चार महिन्यांची असताना आईबाबांनी मला एका संस्थेतून घरी आणले. कळत्या वयापासून मला हे ठाऊक असल्यामुळे त्यात गौप्यस्फोट वगैरे काही नाही. नाट्यशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून आता मी पन्नास मिनिटांचा एकपात्री प्रयोग बसवते आहे. माझ्याजवळच्या तीन गोष्टी त्यात येतात : संस्थेने ठेवलेले माझे पहिले नाव, एक झबले आणि संस्थेकडून मिळालेला एक टंकलिखित कागद. एका प्रवेशात मी जन्मदात्या आईचे स्वगत म्हणते. पंधरा दिवसांपूर्वी आई तालमीला आली होती. स्वगताच्या वेळी ती शांत बसली होती. पण पुढच्या प्रवेशात मला आणण्याआधीच्या नऊ वर्षांतले दवाखाने, नवस, ओटी भरताना तिला वगळणाऱ्या बायका हे सगळे आले आणि ती उठून बाहेर गेली. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, "तुझी गोष्ट सांग ना, माझी कशाला सांगतेस?" दिग्दर्शकाच्या मते तो प्रवेश काढला तर प्रयोगाचा कणाच जाईल. तो कागद पडद्यावर मोठा करून दाखवावा, असाही त्याचा आग्रह आहे. माझी गोष्ट सांगण्याचा मला अधिकार आहे ना? आणि जिला मी कधी पाहिलेलेच नाही, तिचे स्वगत म्हणणे हा खोटेपणा आहे का? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : तुम्ही बोलावल्यावरून मी तालमीला येऊन गेले, त्यामुळे हे उत्तर पत्राला आहे तसेच डोळ्यांनी पाहिलेल्या प्रयोगालाही आहे.

आधी अधिकाराविषयी. दत्तकाला मराठीत तीन क्रियापदे लागतात : एक जण दत्तक देतो, दुसरा घेतो आणि मूल दत्तक जाते. जुन्या माणसांच्या बोलण्यात तर 'तो अमक्यांकडे दत्तक गेला' असेच येते, जणू पाळण्यातले बाळ आपल्या पायांनी उंबरा ओलांडून गेले. क्रियापदे तीन म्हणजे कर्तेही तीन, आणि त्यांतल्या 'जाणे' या क्रियापदावर तुमचा अधिकार पूर्ण आहे. ते सांगायला कोणाचीही परवानगी लागत नाही, आणि 'घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला' असे कोणी म्हणालेच तर मी तुमच्याच बाजूने उभी राहीन. 'घेणे' हे क्रियापद मात्र आईचे आहे. आपल्याकडे दत्तकाचा विषय निघाला की सगळ्यांचे लक्ष मुलाकडे जाते, त्यामुळे हे सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाही, की 'मला दत्तक घेतले' एवढे म्हणताच त्याच वाक्यात, न विचारता, एका बाईच्या शरीराविषयीही बोलून झालेले असते. ऐकणारे मनातल्या मनात हिशेब मांडू लागतात : दोष कोणात होता, उपचार केले असतील की नाही. (पोटचे मूल असताना किंवा लग्न न करताही दत्तक घेणारे आता पुष्कळ आहेत, पण हिशेब मांडणारे त्यांनाही सोडत नाहीत.) तुमच्या आईंनी जन्मदातीचे स्वगत शांतपणे ऐकून घेतले आणि दवाखान्यांच्या प्रवेशाला त्या उठल्या, यावरून त्यांना नेमके काय खुपले ते स्पष्ट आहे.

ती नऊ वर्षे तुम्ही पाहिलेली नाहीत आणि रंगमंचावर ते जाणवते. नवस, अंगारे, सासूबाईंचे टोमणे हे सगळे आम्ही मालिकांतून इतक्यांदा पाहिले आहे, की तुमच्या तोंडून ते पुन्हा ऐकताना तुमची आई दिसत नाही, कोणतीही बाई दिसते. उलट तालमीनंतर चहा घेताना तुम्ही एक गोष्ट सहज सांगून गेलात, ती संहितेत कुठेच नाही. लहानपणी तुम्हाला धाप लागायची, दर वेळी नवे डॉक्टर विचारायचे, "घरात कोणाला दमा आहे का?", आणि आई आधी तुमच्याकडे पाहायची, मग डॉक्टरांकडे, आणि "माहिती नाही" असे अगदी सपाट आवाजात म्हणायची, जसे आपण दुकानात "सुटे नाहीत" म्हणतो. हे सांगताना तुम्ही नकळत पदराचे टोक बोटाला गुंडाळल्यासारखे केलेत आणि तुमच्या अंगावर तर कुडता होता. हा प्रवेश तुमचा आहे, कारण तो तुम्ही पाहिलेला आहे, आणि त्यात आईही पूर्ण आहे. दिग्दर्शकाला म्हणावे, कणा इथे आहे. दवाखान्याचा प्रवेश काढायचा नाही, दवाखाना बदलायचा आहे. तरीही तो आधी आईंना एकटीला करून दाखवा आणि त्या नको म्हणाल्या तर वाद घालू नका.

'आईला मध्यभागी आणले तर प्रयोग माझा राहील का?' असे तुम्ही निघताना विचारलेत. तुमच्या तालमीच्या खोलीपासून महाकवी कालिदास कलामंदिर हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून कालिदासाचेच उदाहरण देते. शकुंतलेला आपण अंगठीमुळे लक्षात ठेवतो, पण ती मुळात सोडून दिलेली आणि दुसऱ्याने वाढवलेली मुलगी आहे. शकुंत पक्ष्यांनी तिला जपले म्हणून तिला हे नाव मिळाले, आणि ते ठेवले कण्वाने. कालिदासाच्या नाटकात विश्वामित्र येत नाही, मेनकाही रंगमंचावर पाऊल ठेवत नाही; चौथ्या अंकात मुलीला निरोप देताना ज्याचा गळा दाटून येतो तो सांभाळणारा बाप आहे. किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' मराठीत आणले तेव्हा पहिल्या दिवशी चारच अंकांचा प्रयोग झाला, म्हणजे मराठी संगीत नाटकाचा पहिला पडदा पडला तो कण्वाच्या निरोपावर. शकुंतलेचे नाटक त्यामुळे कण्वाचे झाले नाही.

आता कागदाविषयी, आणि इथे मी दिग्दर्शकाच्या स्पष्ट विरोधात आहे. तो कागद पडद्यावर दाखवू नका, नाव-गाव काळे करूनही नाही. नाशिकसारख्या शहरात, जिथे दोन माणसे भेटली की तिसऱ्याची ओळख निघते, तिथे वर्ष, महिना आणि परिस्थितीचे एक वाक्य ओळख पटायला पुरते. 'देणे' हे ज्या बाईचे क्रियापद आहे, तिचे आज कदाचित घर असेल, मुले असतील, आणि तुमच्या प्रेक्षकांत तिच्या ओळखीचे कोणी बसलेले असेल. ही केवळ सौजन्याची बाब समजू नका. दत्तकविषयक नियमांत मुळांचा शोध घेण्याचा मुलाचा हक्क मान्य केलेला आहे, आणि त्याच तरतुदीत असेही म्हटले आहे, की या हक्कामुळे जन्मदात्यांच्या खाजगीपणाचा भंग होता कामा नये.

हा शोध प्रत्यक्षात कसा चालतो तेही सांगते, कारण प्रयोगाच्या पत्रिकेवर दिग्दर्शकाने 'एका मुलीचा आईसाठी शोध' असे छापले आहे आणि त्याने माझी थोडी गफलत केली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वतः अर्ज करता येतो. त्याआधी दत्तक आईवडिलांसह करावा लागतो. अर्ज ज्या संस्थेतून दत्तक झाले तिच्याकडे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा दिल्लीच्या केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाकडे करता येतो, आणि त्यांनी मदत करणे अपेक्षित आहे. मूल सुपूर्द करताना आपली ओळख गुप्त ठेवावी असे जन्मदात्यांनी सांगितले असेल, तर त्यांची संमती घ्यावी लागते. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडलेच नाहीत, तर मूल कोणत्या कारणाने आणि परिस्थितीत दिले गेले एवढे अर्जदाराला सांगितले जाते. त्रयस्थाला असा शोध घेण्याची परवानगीच नाही. त्यामुळे तुमचा दिग्दर्शक, एखादा पत्रकार किंवा मी, कोणीही तुमच्या वतीने संस्थेच्या दारात जाऊ शकत नाही. तुम्हाला खरोखर उत्तर हवे असेल तर अर्ज करा. प्रयोगातून ते मागू नका, कारण समोर बसलेल्या दोनशे माणसांकडे ते नाही आणि त्यांना ते ठाऊक असल्यासारखे तुम्ही त्यांच्याकडे पाहत राहता तेव्हा प्रयोग ढिला पडतो.

स्वगत. ते खोटे नाही, पण सध्या ते तुमचेही नाही. 'मी तुला टाकले नाही गं' पासून शेवटच्या हुंदक्यापर्यंत ते स्वगत प्रेक्षकाला अपेक्षित असलेल्या आईचे आहे. मराठीने अशा प्रसंगासाठी आपल्याला दोन उत्तम साधने दिली आहेत : एक 'म्हणे' आणि दुसरे 'असेल'. 'ती पावसात आली होती' आणि 'ती म्हणे पावसात आली होती' या दोन वाक्यांत जे अंतर आहे त्यात तुमचे आख्खे आयुष्य मावते, कारण तिच्याविषयी तुम्हाला जे मिळाले ते सगळे 'म्हणे'च्या वाटेने मिळाले. स्वगत प्रथमपुरुषात न म्हणता एकदा असे करून पाहा : ती बसने आली असेल, तिच्यासोबत कोणी असेल किंवा नसेल, तिने परतीचे तिकीट काढताना सुटे पैसे मोजले असतील. अंदाज आहे हे प्रेक्षकाला कळू द्या. जॅकी के या स्कॉटिश कवयित्रीला जन्मानंतर एका ग्लासगोच्या जोडप्याने दत्तक घेतले होते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या संग्रहातल्या दीर्घ कवितेत मुलगी, सांभाळणारी आई आणि जन्म देणारी आई असे तीन आवाज आहेत आणि प्रत्येकाला वेगळा टंक दिला आहे, म्हणजे कोण बोलते आहे हे वाचणाऱ्याला कानाआधी डोळ्याने कळते. रंगमंचावर टंक नसतो, पण क्रियापदाचे रूप असते.

शेवटी झबले, ज्यावर तालमीत मी सर्वांत जास्त वेळ पाहत राहिले. पांढऱ्या मलमलीचे, धुऊन धुऊन तलम झालेले, पाठीवर दोन नाड्या. त्यांतली एक मूळची, दुसरी तुटल्यावर कोणीतरी लावलेली, थोडी पिवळसर, उलट्या बाजूने हातशिलाईचे चार टाके. प्रयोगात तुम्ही ते उचलून म्हणता, 'हे तिने शिवले.' लंडनमध्ये १७३९ साली स्थापन झालेल्या एका अनाथ-संगोपनगृहात बाळ ठेवताना त्याच्या कागदाला कापडाचा तुकडा टाचून ठेवत. आई पुढे कधी परत आली तर तिच्या वर्णनावरून किंवा तिच्याजवळच्या अर्ध्या तुकड्यावरून बाळ ओळखता यावे, म्हणून. बाळाचे नाव तिथेही बदलले जाई. ते कापड खरोखरच आईची खूण होते. आपल्याकडच्या संस्थांत बाळांचे कपडे बहुतेक देणगीत आलेले असतात आणि एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात असतात. तेव्हा ते झबले तिने शिवले असण्याचा संभव कमी आहे. पण तुटलेली नाडी कोणीतरी पुन्हा लावली आहे. तुमच्या प्रयोगात देणारी आहे, घेणारी आहे, जाणारी आहे. मधले चार महिने ज्या मावशींनी तुम्हाला पाजले, न्हाऊ घातले आणि तुमचे पहिले नाव उच्चारले, त्या कुठेच नाहीत. त्यांच्याविषयी तुम्हाला 'म्हणे' सुद्धा म्हणावे लागणार नाही, टाके हातात आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. दत्तक प्रकरणाचा असा जाहीर गाजावाजा आमच्या पिढीला पटत नाही. आमच्या पिंपळगावला वाढलेले तात्यासाहेब शिरवाडकर स्वतः दत्तक गेलेले होते, पण त्यांनी त्याचे कधी भांडवल केले नाही. निमूटपणे नवे नाव लावले आणि कामाला लागले. आजच्या मुलांना 'मी कोण' हे सारखे का सांगावेसे वाटते? – एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : गुरुजी, आपली माहिती बरोबर आहे, पण तिचा रोख मला उलट दिशेने जाताना दिसतो. २७ फेब्रुवारी १९१२ रोजी पुण्यात जन्मलेल्या मुलाचे नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर होते. काका वामनराव यांना तो दत्तक गेला आणि विष्णू वामन झाला. घराणे तेच, म्हणून आडनाव राहिले. पहिले नाव आणि बापाचे नाव बदलले. आपल्याकडे माणसाच्या नावाच्या पोटातच बापाचे नाव असते, त्यामुळे दत्तक गेलेल्या माणसाची सही म्हणजे रोजचे एक निवेदनच असते. आता पुढचे पाहा. मोठेपणी स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी ना गजाननाकडे पाहिले ना विष्णूकडे. एकुलत्या एका बहिणीचे नाव कुसुम, तिचा थोरला भाऊ तो कुसुमाग्रज. ज्या घरातून ते कागदोपत्री बाहेर पडले होते, त्या घरातले नाते त्यांनी आपल्या कवितेवर जन्मभर मिरवले. त्यांच्या मनात त्या वेळी काय होते, हे मी सांगू शकत नाही आणि टोपणनावावरून कवीचे अंतरंग वाचणाऱ्यांवर माझा फारसा विश्वासही नाही. पण 'निमूटपणे' हा आपला शब्द मात्र मागे घ्यावा लागेल. एक नाव जन्माने मिळाले, एक विधीने मिळाले, तिसरे त्यांनी कलेच्या बळावर घेतले, आणि ज्ञानपीठाच्या सन्मानापासून मराठी भाषा गौरव दिनापर्यंत सगळीकडे लोक ओळखतात ते या तिसऱ्याच नावाने.

आपल्याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण कवळाण्याचे. मालेगाव तालुक्यातल्या या गावात १८६३ साली जन्मलेल्या गोपाळराव गायकवाड या मुलाला बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले आणि तो सयाजीराव झाला. पुढे राजा रविवर्म्यांनी त्यांची व्यक्तिचित्रे रंगवली. त्या भरजरी पोशाखांकडे आणि रत्नहारांकडे आपण हौस म्हणून पाहतो. मला त्यांत एक गरज दिसते. खेड्यातून आणलेल्या मुलाने राजा असणे लोकांना रोज पटवून द्यायचे होते, आणि त्या कामी तैलरंगाइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा कोण मिळणार?

आणखी एक फरक आपल्या नजरेतून सुटला आहे. जुने दत्तविधान बहुतेक भाऊबंदकीत होई, वंश आणि पिंडदानासाठी होई, आणि मुलगाच दत्तक घेतला जाई. मुलीला दत्तक घेण्याची सोय १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने आली. त्या काळच्या दत्तक मुलाला आपली जन्मदाती कोण हे ठाऊक असे. दिवाळीला ती घरीही येत असे. संस्थेतून आलेल्या मुलाला यातले काहीच नसते. ज्याच्या हातात कुसुम हे नावही नाही, त्याने अग्रज कोणाचे व्हायचे? मग तो रंगमंचावर उभा राहून ते नाव घडवू पाहतो. त्याला गाजावाजा म्हणण्याआधी आपण एखादा प्रयोग पाहावा, ही विनंती.

प्रश्न : आमचा दत्तक पुतण्या चित्रकार आहे. अलीकडे तो चित्रांवर आमचे आडनाव न लावता संस्थेने लहानपणी ठेवलेल्या नावाने सही करतो. त्याच्या वडिलांना फार लागले आहे. अशी सही कायद्याने चालते का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : चित्रावर कोणत्याही नावाने सही करता येते. बँक, पारपत्र, मालमत्ता यांसाठी कागदोपत्री नाव लागते आणि ते बदलायचे असेल तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. तसे त्याने केलेले नाही, असे आपल्या पत्रावरून दिसते. म्हणजे घराण्याचे नाव त्याने सोडलेले नाही, चित्रांवर ठेवलेले नाही इतकेच. वारसाहक्कावरही या सहीचा काडीचा परिणाम होत नाही. राहिले वडिलांना लागण्याचे. त्यांनी एकदा त्याला विचारावे, की ते नाव कोणी आणि का ठेवले होते. त्याचे उत्तर काय येईल ते मला ठाऊक नाही, पण गेल्या कित्येक महिन्यांत हा प्रश्न घरात कोणी विचारलेला नाही, हे आपल्या चार पानी पत्रातून मला कळले.

प्रश्न : एकांकिका स्पर्धेत मी दत्तक मुलाची भूमिका करतो आहे. मी स्वतः दत्तक नाही. हे योग्य आहे का? – एक विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : योग्य आहे, नट दुसऱ्याचा होण्यासाठीच असतो. संहितेत मात्र दोन गोष्टी तपासून घ्या. एक, जुन्या ट्रंकेत चिठ्ठी सापडते आणि मुलाला 'सत्य' कळते, हा प्रसंग असेल तर लेखकाला नवा शोधायला सांगा. आज मुलांना लहानपणीच सांगितले जाते आणि नाट्य त्यानंतरच्या रोजच्या जगण्यात आहे. दुसरे, 'खरी आई' हा शब्द. जन्मदाती म्हणा, जन्म देणारी म्हणा. एकीला खरी म्हटले की दुसरी काय ठरते ते सांगायला नको. खलनायकाच्या तोंडी तो शब्द असेल तर राहू द्या, त्याला शोभतो.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता, फोटो लावून आणि 'माझे नाक कोणासारखे' असे रकाने भरून. तो एक वर्षाचा असताना आमच्याकडे आला, हे त्याला माहीत आहे. त्याने झाड न काढता आजोबांची निफाडची द्राक्षबाग काढली : मांडव, तारा, आणि प्रत्येक वेलीवर एकेकाचे नाव. बाईंनी 'हा वंशवृक्ष नव्हे' असा शेरा मारून वही परत दिली. आम्हाला मात्र ते चित्र इतके अर्थपूर्ण वाटले, की डोळे भरून आले. दुसऱ्याचे खुंट आणि आपले कलम! आम्ही ते नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. खूप कौतुक झाले, पण तो दोन दिवस गप्प आहे. आमचे काय चुकले? – एक आई, इंदिरानगर

उत्तर : बाईंचे चुकले हे उघड आहे. त्यांना भेटून एवढेच सांगा, की 'घरातली माणसे' असा विषय दिला तर वर्गातल्या दत्तक मुलाचीच नव्हे, आजीकडे राहणाऱ्या, वडील नसलेल्या, आईवडील वेगळे झालेल्या मुलांचीही सुटका होईल. नाकाचा रकाना तर कोणत्याच मुलाच्या उपयोगाचा नाही.

आता तुमच्याविषयी. द्राक्षाच्या कलमाचे रूपक मोहात पाडणारे आहे, हे मी नाशिककर म्हणून कबूल करते. आपल्याकडे बहुतेक नव्या बागा डॉगरीजच्या खुंटावर उभ्या आहेत. मूळ त्याचे, आणि वर भरलेली काडी थॉमसनची असेल तर घड थॉमसनचेच येतात, हे बागाईतदाराच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक असते. पण हे रूपक तुमच्या मुलाने काढले की तुम्ही वाचले? तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, जी तुम्ही बहुधा सहज लिहिली : 'त्याला विचारले तर म्हणाला, मला तारा काढायला आवडतात, त्या सरळ येतात.' मला ही ओळ चित्रापेक्षाही आवडली. त्याने एक अवघड रकाना शिताफीने टाळला आणि ज्या जागी त्याला बरे वाटते ती जागा काढली. तिथे आजोबा आहेत, मांडवाखाली सावली आहे, आणि कोणाचे नाक कोणासारखे हे कोणी विचारत नाही. तुम्ही त्याच्या चित्राखाली दत्तकाचे तात्पर्य लिहून ते सत्तर-ऐंशी माणसांत फिरवलेत. शाळेने त्याला जे करायला सांगितले होते आणि त्याने जे टाळले होते, ते तुम्ही प्रेमापोटी त्याच्या वतीने करून टाकलेत. मोठेपणी त्याला स्वतःची गोष्ट चित्रातून, कवितेतून किंवा या सदरातल्या पहिल्या पत्रलेखिकेसारखी रंगमंचावरून सांगावीशी वाटली तर तो सांगेल. न सांगता पानेच्या पाने तारा काढत राहिला तरी तेही त्याचेच.

सध्या एवढे करा. ग्रुपवरून ते चित्र जेवढे काढून टाकता येईल तेवढे काढून टाका, आणि काढले आहे हे त्याला सांगा. माफी मागताना लांबण लावू नका, नऊ वर्षांच्या मुलाला एक वाक्य पुरते. वही दप्तरात परत ठेवा. बाईंचा शेरा खोडू नका, तो त्याला हवा तर तो खोडेल. आणि छाटणीला आजोबांकडे जाल तेव्हा त्याला बरोबर न्या, पण खुंट कोणता आणि काडी कोणती हे त्याने विचारल्याशिवाय दाखवू नका.